शाळेवरची पाटी आणि कोशातलं पान

कोसोवोतल्या द्रेनित्सा भागात १९९८-९९च्या युद्धात मारल्या गेलेल्या एखाद्या अल्बेनियन बंडखोराची माहिती काढायला बसलं की बहुतेक वेळा हाती चारच गोष्टी लागतात. नाव, गाव, मृत्यूची तारीख आणि त्याच्या नावाची एखादी शाळा किंवा रस्ता. कधी एक फोटो सापडतो: हातात बंदूक, दंडावर दोन डोक्यांच्या गरुडाचं चिन्ह. तो काय शिकला होता, कुणाच्या हाताखाली लढला, ज्या चकमकीत पडला तिथे नेमकं काय घडलं, यातलं काही कळत नाही. अशा माणसाच्या नावाने कुणीतरी विकिपीडियावर पान उघडतं. उघडलेलं पान भरावं तर लागतंच, आणि माहिती संपली की विशेषणं सुरू होतात. निर्भय, झुंजार, अजिंक्य, मातृभूमीचा सुपुत्र.

हे पान ठेवावं की काढावं? मराठी विकिपीडियावर मी बरीच वर्षं लिहितो, दुरुस्त्या करतो, आणि हा प्रश्न मला कुठल्याही तांत्रिक प्रश्नापेक्षा अवघड वाटत आला आहे. माझं मत असं: एवढ्या माहितीवर स्वतंत्र पान नसावं. मात्र त्या माणसाला कोशात जागा असलीच पाहिजे, आणि ती शोधून देणं हे पान काढायला निघालेल्याचं काम आहे. नुसतं 'काढा' म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जितकं भांडण आहे, तितकंच 'हुतात्मा आहे, राहू द्या' म्हणणाऱ्यांशीही आहे.

विकिपीडियाची कसोटी तशी साधी आहे. ज्या माणसावर लेख लिहायचा, त्याच्याबद्दल त्याच्याशी लागेबांधे नसलेल्या विश्वासार्ह लेखकांनी काहीतरी भरीव लिहिलेलं असावं. यादीतला नामोल्लेख पुरत नाही. मराठीत आपण याला 'उल्लेखनीयता' म्हणतो, आणि निम्मा गोंधळ या शब्दामुळेच होतो. उल्लेखनीय म्हटलं की वाटतं, इथे माणसाची लायकी ठरते आहे. ज्याने जीव दिला तो उल्लेखनीय नाही असं कुणी परका संपादक म्हणाला, तर त्याच्या घरच्यांनी काय समजावं? खरं तर इथे तोलला जातो तो त्याच्याविषयी झालेला लेखनाचा साठा. त्यातून एक चरित्र उभं राहतं का, एवढंच पाहायचं असतं. मुंबईच्या हुतात्मा चौकातल्या संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांची नावं आपल्याला प्रिय आहेत. त्यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र चरित्रलेख लिहिता येत नाही म्हणून कुणाचं बलिदान कमी ठरलं, असं आपण कधी मानलं नाही.

आपल्याकडच्या कोशकारांनी हा प्रश्न आयुष्यभर सोसला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९३२ ते १९४६ या काळात प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश उभे केले. छापील कोशात कागद मोजका असतो. कुणाला घ्यायचं आणि किती ओळी द्यायच्या, हा हिशेब तिथे सुटत नाही. इंटरनेटवरच्या कोशाला कागदाची अडचण नाही, म्हणून अनेकजण म्हणतात, जागा फुकट आहे तर असू द्या की पान, कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं, आणि बाल्कनमध्ये फार बिघडतं. २३ फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेचे विशेष दूत रॉबर्ट गेल्बार्ड यांनी अल्बेनियन बंडखोरांच्या कोसोवो मुक्ती सेनेला निःसंशय दहशतवादी संघटना म्हटलं. पुढच्या काही दिवसांत सर्बियन पोलिसांनी द्रेनित्सातली गावं घेरली. ५ ते ७ मार्चच्या दरम्यान प्रेकाझमध्ये या सेनेचा कमांडर आडेम याशारी मारला गेला आणि त्याच्या कुटुंबातली पन्नासहून अधिक माणसं, त्यात बायका आणि मुलं, त्याच्यासोबत गेली. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेचेच मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक कोसोवोतल्या युनिक गावात बूट काढून, जमिनीवर मांडी घालून, त्याच सेनेच्या एका बंदूकधारी सैनिकाशेजारी बसले. तो फोटो जगभर छापला गेला. २४ मार्च १९९९ला नाटोचे बॉम्बहल्ले सुरू झाले आणि ७८ दिवस चालले. दहशतवादी, बंडखोर, सैनिक, मुक्तियोद्धा: वर्ष-सव्वा वर्षात एकाच माणसाला चार नावं. अशा ठिकाणी पुराव्याविना लिहिलेलं पान चार दिवसही स्थिर राहत नाही. सकाळी कुणी 'शहीद' लिहितं, संध्याकाळी कुणी 'अतिरेकी' लिहितं, आणि दोघांच्या हाती पुरावा सारखाच, म्हणजे काहीच नाही.

होलब्रुकशेजारी बसलेल्या त्या सैनिकाचं उदाहरण मला यात फार मोलाचं वाटतं. त्याचा चेहरा त्या काळात जगातल्या असंख्य लोकांनी पाहिला. मग तो प्रसिद्ध झाला का? फोटो प्रसिद्ध झाला, भेट प्रसिद्ध झाली. बंडखोरांना जागतिक राजकारणाच्या पंगतीत पाट मांडला गेला तो क्षण म्हणून युनिकची ती बैठक इतिहासात महत्त्वाची आहे, तिच्यावर लिहायला हवं, आणि त्यात त्याचं नाव यायला हवं. एका घटनेपुरता ओळखला गेलेला माणूस त्या घटनेच्या लेखात नीट बसतो. त्याला तिथून उचलून वेगळ्या पानावर ठेवलं तर त्याच्याभोवतीचं सगळं गळून पडतं आणि उरतो एक बंदूकवाला चेहरा.

आडेम याशारीचं स्वतःचं पान असावं का, हा प्रश्नच येत नाही. त्याच्यावर अल्बेनियनांनी लिहिलं, सर्बियनांनी लिहिलं, परदेशी पत्रकारांनी आणि मानवी हक्क संघटनांनी लिहिलं. प्रिश्टिनाच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. प्रेकाझमधली ती गोळ्यांनी चाळण झालेली घरं भोवती परांची बांधून तशीच जपली आहेत. लोक चढून जातात, भिंतीतल्या भोकांतून बाहेरचा डोंगर पाहतात. अडचण आहे ती त्याच्या मागच्या शेकडो जणांची.

कोशातलं एक वाक्य कुठवर जाऊ शकतं, हे स्कोप्येने २००९ मध्ये पाहिलं. मॅसिडोनियाच्या विज्ञान आणि कला अकादमीने त्या वर्षी दोन खंडांचा मॅसिडोनियन विश्वकोश काढला. २००२च्या जनगणनेप्रमाणे देशाची चौथाई लोकसंख्या अल्बेनियन. कोशात त्यांचं वर्णन सोळाव्या शतकात येऊन वसलेले डोंगरी लोक असं केलं होतं. २००१च्या बंडाचा नेता अली अहमेती, जो तेव्हा सत्ताधारी आघाडीतल्या पक्षाचा प्रमुख होता, त्याची ओळख युद्धगुन्ह्यांचा संशयित अशी दिली होती. निदर्शनं झाली, शेजारच्या देशांतूनही निषेध आला, अकादमीला कोश मागे घ्यावा लागला आणि मुख्य संपादक ब्लाझे रिस्तोव्स्की यांना पद सोडावं लागलं. आठ वर्षांपूर्वीच, ते बंड मिटवणाऱ्या ओह्रिदच्या कराराने, तो देश यादवीच्या उंबरठ्यावरून मागे आला होता. एवढ्या कष्टाने शांत झालेली माणसं पुन्हा रस्त्यावर आली ती दोन जाड पुस्तकांमुळे. ते काम विद्वानांचं होतं, वर अकादमीचा शिक्का होता. तरीही बंडखोराच्या नोंदीत कुठला शब्द आधी घालायचा हे त्यांना सांभाळता आलं नाही. मग एकट्या उत्साही माणसाने, चार तपशिलांवर, रात्री बसून लिहिलेल्या पानाचं काय होणार?

इथे समोरच्या बाजूचं म्हणणं येतं, आणि ते फार वजनदार आहे. ज्यांची भाषाच राज्यकर्त्यांनी दाबून ठेवली, त्यांच्या माणसांबद्दल लिहिलेलं कुठून आणायचं? अल्बेनियन भाषेतली पहिली शाळा कोर्चा इथे निघाली ती ७ मार्च १८८७ रोजी. भाषेची लिपी कुठली हे ठरलं मनास्तिरच्या परिषदेत, नोव्हेंबर १९०८ मध्ये. त्याआधी अल्बेनियन कधी अरबी, कधी ग्रीक, कधी लॅटिन अक्षरांत लिहिली जायची. म्हणजे १८७८ मध्ये प्रिझ्रेनला निघालेल्या अल्बेनियन संघटनेपासून पुढची तीस वर्षं ज्या लोकांनी बंडं केली, त्यांच्या नातवंडांना आजोबांचं नाव कसं लिहायचं यावरही एकमत नव्हतं. कागद होते ते उस्मानी अधिकाऱ्यांचे. पहिल्या महायुद्धानंतर कोसोवो नव्या युगोस्लाव राज्यात गेलं, तिथेही कागद पोलिसांचे. त्या काळातल्या बंडखोरांना 'कचाक' म्हणतात. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ पळालेला, फरारी. ज्याला आज राष्ट्रवीर म्हणतात, त्याचं नावच सरकारी दप्तरातल्या 'फरारी' या शेऱ्यावरून पडलेलं आहे.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. त्यांच्याविषयी त्या काळातलं सगळ्यात सविस्तर लेखन कुणाचं? ज्याच्याकडे त्यांना पकडण्याची मोहीम होती त्या कॅप्टन मॅकिंटॉशचं. १८३३ मध्ये मुंबईत छापलेल्या त्याच्या पुस्तकात रामोशांची हकिकत आहे आणि उमाजींचं चरित्र आहे. पकडणाऱ्याने लिहिलेलं चरित्र तटस्थ कसं म्हणायचं? आणि ते बाजूला ठेवलं तर मग उरतं काय? मी या प्रश्नाशी पुष्कळ झगडलो आहे. माझं उत्तर असं की शत्रूचं लेखन घ्यायचं, पण शत्रूचं म्हणून सांगून घ्यायचं. तारखा, ठिकाणं, माणसांची संख्या यांत त्याचा उपयोग आहे. विशेषणं त्याच्याकडेच राहू द्यायची. हीच अट भक्तांच्या लेखनालाही लावायची. दोन विरोधी बाजूंच्या लेखनात एखादी गोष्ट जुळली, तर ती पायाचा दगड म्हणून वापरता येते.

म्हणून मी म्हणतो की कमी माहितीच्या बंडखोराला नाकारण्याआधी शोध खरा व्हायला हवा. इंग्रजीत दोन मिनिटं शोधून 'काही सापडत नाही' म्हणणं हा शोधच नाही. एकाच माणसाचं आडनाव अल्बेनियनमध्ये एक आणि सर्बियनमध्ये दुसऱ्याच वर्णांत लिहिलेलं असतं. द्रेनित्सातल्या ज्या गावाला अल्बेनियन स्केन्देराय म्हणतात त्याला सर्बियन सर्बित्सा म्हणतात. १९२४ मध्ये मारला गेलेला कचाक नेता अझेम कुठे गालित्सा या गावाच्या नावाने सापडतो, कुठे बेय्ता या नावाने. त्याची बायको शोटे, जी त्याच्या मागे लढत राहिली आणि १९२७ मध्ये अल्बेनियात वारली, तिचं मूळ नाव चेरिमे. एकाच नावावर शोधलं तर दुसऱ्या नावाखाली लिहिलेलं काहीच हाती लागत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण त्रिंगे स्मायलीचं आहे. ग्रुडा या अल्बेनियन टोळीतली ही बाई. तो मुलूख आज मॉन्टेनेग्रोत 'तुझी' नावाच्या गावाच्या आसपास आहे. वडील स्मायल मार्तिनी टोळीचे प्रमुख. त्यांना उस्मानींनी धरून नेलं. दोन भाऊ लढाईत गेले. त्या डोंगरात अशी रीत होती की घरात पुरुष उरला नाही तर मुलगी आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेते आणि त्या दिवसापासून पुरुषाच्या वेशात, पुरुषाच्या मानाने जगते: बंदूक बाळगते, पुरुषांच्या बैठकीत बसते, घराचा कारभार पाहते. त्रिंगेने ती शपथ घेतली. उस्मानींविरुद्धच्या १९११च्या बंडात, देद ज्यो लुलीने ६ एप्रिलला देचिचच्या डोंगरावर गरुडाचा झेंडा उभारला त्या बंडात, ती लढली. १९१७ मध्ये वारली.

आता तिच्याबद्दल लेखी काय आहे? १९११ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रात तिला अल्बेनियाची जोन ऑफ आर्क म्हटलं गेलं. पण नाव छापलं गेलं 'यानित्सा'. त्रिंगे या नावाने शोधणाऱ्याला ती बातमी कधीच मिळणार नाही. त्याच बंडाच्या वेळी ईडिथ डरहॅम ही इंग्लिश प्रवासी पॉडगोरिकात होती, निर्वासितांना अन्नवस्त्र पोचवत होती. उत्तर अल्बेनियाच्या टोळ्यांवर तिचं पुस्तक १९०९ मध्येच आलं होतं आणि या उठावाचं तिने पाहिलेलं वर्णन पुढे छापून आलं. तेव्हा १९११च्या बंडाला निदान डोळ्यांनी पाहिलेले बाहेरचे साक्षीदार आहेत. असं वेगवेगळ्या हातांचं लेखन जुळवलं की त्रिंगेचं पान उभं राहतं. 'जोन ऑफ आर्क' हे विशेषण त्या पानात यावं, पण कुणी, कधी, कुठल्या अंतरावरून दिलं ते सांगून. तिच्या डोंगरातल्या लोकांना जोन ऑफ आर्कशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी ती शपथ पाळलेली स्मायलची मुलगी होती.

गाण्यांचं काय, असाही प्रश्न येतो. अल्बेनियन डोंगरांत लाहुता या एकतारी वाद्यावर वीरगीतं गायची परंपरा आहे. १९३७ मध्ये अल्बर्ट लॉर्ड हा अमेरिकन अभ्यासक उत्तर अल्बेनियात फिरून ही गाणी उतरवून घेत होता. मित्स सोकोलीने १८८१ मध्ये स्लिवोवाच्या लढाईत उस्मानी तोफेच्या तोंडाला छाती लावली, ही गोष्ट गाण्यांतूनच घरोघर गेली. पोवाडे ऐकत वाढलेल्या आपल्याला त्या गाण्यांबद्दल आपुलकी वाटणारच. मलाही वाटते. शाहीर खोटं बोलतो असं मी कधी म्हणणार नाही. पण पोवाडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपल्या इतिहासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून पाहिलं आहे. लोकांनी या माणसाला कशासाठी लक्षात ठेवलं, हे गाणं खात्रीने सांगतं. त्या दिवशी तोफेशी किती पावलं अंतर होतं, हे ते सांगत नाही. सोकोलीच्या पानावर तोफेची गोष्ट 'गाण्यांत अशी सांगतात' म्हणून आली की ती खरी राहते. चार तपशिलांच्या माणसावर गाणंही नसतं बहुधा. असलं तरी गावापुरतं, आणि त्यावर कुणी लिहिलेलं नसतं. ते कुणीतरी उतरवून घ्यावं, गायकाचं नाव-गाव-तारीख लिहून छापावं. कोशाआधीचं हे काम आहे आणि ते कोशापेक्षा मोठं आहे.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. मेलेल्या प्रत्येकाची नोंद व्हावी ही भूक खरी आहे, पण ती भागवायला वेगळ्या जातीचा ग्रंथ लागतो, आणि कोसोवोच्या बाबतीत तो आहे. बेलग्रेडच्या ह्युमॅनिटेरियन लॉ सेंटरने आणि त्याच्या कोसोवोतल्या शाखेने वर्षानुवर्षं घरोघर जाऊन, साक्षी नोंदवून, १९९८ ते २००० या काळात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या १३,५३५ माणसांची नोंद केली. त्यात १०,८१२ अल्बेनियन, २,१९७ सर्बियन आणि ५२६ रोमा, बोस्नियाक व इतर आहेत. त्यांच्या स्मृतिग्रंथात सैनिक आणि म्हातारी आजी, बंडखोर आणि पोलीस, सगळे एकाच रांगेत येतात. तिथे कुणी मोठा नाही, कुणाला विशेषण नाही; माणूस कसा, कधी, कुठे गेला एवढंच लिहिलेलं असतं. ज्यांना आपल्या गावच्या पोराचं नाव हरवू नये असं वाटतं, त्यांना मी हा ग्रंथ दाखवतो. विकिपीडियाच्या पानापेक्षा तिथली नोंद पक्की आहे, कारण ती तपासलेली आहे.

घाई न करण्याचं एक कारण गेल्या काही वर्षांत वाढलं आहे. विकिपीडियावर लिहिलेलं वाक्य आता तिथेच राहत नाही. ते शोधयंत्रं उचलतात, बातमीदार उचलतात, संगणकाला भाषा शिकवणारे उचलतात. तीन वर्षांनी तेच वाक्य एखाद्या वर्तमानपत्रात दिसतं आणि मग त्याच वर्तमानपत्राचा हवाला देऊन ते विकिपीडियावर 'सिद्ध' होतं. एखाद्या मेलेल्या मुलाच्या हाताखाली तीनशे सैनिक होते असं कुणी सहज लिहून गेलं, तर ते पुसायला कुणीही उरत नाही. त्याची आई ते वाचते. समोरच्या बाजूची, आपला मुलगा गमावलेली आईही ते वाचते, आणि तिला वाटतं, या तीनशेंपैकीच कुणीतरी. हेगमध्ये कोसोवोच्या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालय बसलेलं आहे, माजी राष्ट्राध्यक्ष हाशिम थाची यांच्यावर तिथे २०२३ पासून खटला चालला. तिथे 'कोणाच्या हाताखाली कोण होतं' या एका प्रश्नावर महिनोन्‌महिने साक्षी झाल्या. आपण तो प्रश्न अंदाजाने सोडवू नये.

तर त्या चार तपशिलांच्या माणसाचं मी काय करतो? त्याच्या नावाचं पान काढून टाकत नाही, वळवतो. कुणी त्याचं नाव टाकलं की वाचक त्या चकमकीच्या किंवा गावाच्या लेखावर पोचतो. नावाची दोन्ही रूपं, अल्बेनियन आणि सर्बियन, वळवून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी शोधायला आलं तर रिकाम्या हाताने परतणार नाही. चर्चापानावर लिहून ठेवतो की अमुक ठिकाणी पाहिलं, अमुक भाषेत पाहायचं राहिलं. उद्या प्रिश्टिना विद्यापीठात कुणी त्या गावावर प्रबंध लिहिला, तर पान पुन्हा उघडायला पाच मिनिटं लागतील. आणि गावाच्या लेखात, शाळेबद्दलच्या परिच्छेदात, एक ओळ घालतो: गावची प्राथमिक शाळा १९९८ मध्ये जवळच्या चकमकीत मारल्या गेलेल्या, याच गावच्या, कोसोवो मुक्ती सेनेच्या सैनिकाच्या नावाने ओळखली जाते. पुढे त्याचं नाव, आणि स्मृतिग्रंथातल्या नोंदीचा हवाला.